पेडल बसलं म्हणजे ब्रेक झाला असं नाही

बाबांची 1984 ची पद्मिनी मी अजून चालवतो. या उन्हाळ्यात तिच्या ब्रेक पेडलमधलं, ते ज्या पिनवर फिरतं तिचं भोक झिजून लांबट झालं, पेडल डावी-उजवीकडे लडबडायला लागलं. गाडी बनायची थांबून 20 वर्षं उलटली, नवं पेडल कुठून आणणार? मेकॅनिकने भंगारातून एक शोधून आणलं. "भाऊ, बसते ना बरोबर. टेन्शन कायले घेता?" थोडं घासून, वॉशर टाकून बसलंही. दाबून पाहिलं तर टणक. ब्रेक टाईट झाला म्हणून मी खूश झालो.

नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना पाय नेहमीपेक्षा जोरात रोवावा लागला. दोन दिवसांनी वर्धा रोडला, भर दुपारी, खापरीच्या अलीकडे गाडी ओढेनाशी झाली. चारही ड्रम भाजतील इतके तापलेले, लायनर जळाल्याचा वास. एका चाकाची, ब्रेक ऑइल सोडायची निपल सैल केली, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी झाली.

घरी पेडल काढून जुन्याशेजारी ठेवलं, पट्टी लावली. पिनपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंत दोन्ही 24 सेंटिमीटर. पण मास्टर सिलिंडरची (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) दांडी जिथे अडकते ते भोक जुन्यात पिनपासून 4 सेंटिमीटरवर, नव्यात 4.8 वर. म्हणजे पायाचा जोर 6 पट व्हायचा तो 5 पट. 30 किलोने दाबलं की दांडीवर 180 ऐवजी 150 किलोच! या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, सगळी भिस्त या तरफेवर. आणि पेडल थोडंसं दाबलं तरी दांडी जास्त सरकते म्हणूनच पेडल टणक लागतं. मला फसवलं ते याच टणकपणाने.

दुसरी चूक दांडीच्या लांबीची. पेडल सोडल्यावर दांडी किंचित मोकळी राहायला हवी. ती दाबून राहिली की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परतायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही, ब्रेक आपोआप आवळत जातात.

मला खरा संताप आला तो पिन पाहून. ती निसटू नये म्हणून टोकं वाकवून घालायच्या कॉटर पिनच्या जागी विजेच्या वायरचा तुकडा पिळून घातला होता. काच, दिवे, सीट यांत काय हवा तो जुगाड करा. ब्रेकमध्ये मी तो कुणालाही करू देणार नाही, गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल.

शेवटी जुनंच पेडल लेथवाल्याकडे नेलं. त्याने भोक गोल करून पितळी बुश, म्हणजे आतलं कडं, ठोकला, तासाभराचं काम. पेडल आता पूर्वीसारखं थोडं खोल जातं. नवी कॉटर पिन मी स्वतः घातली आणि दोन्ही टोकं वाकवली.