पिवळ्या लॉनवर युरिया टाकण्याआधी खुरपं घ्या

"थंडी ओसरली की लगेच लॉनवर युरिया फेका, आठ दिवसांत गवत हिरवंगार. मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी टाकलात तर पाणीही घालावं लागत नाही. आणि थंडीच्या तोंडावर एक शेवटचा भरघोस डोस द्या." हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. उष्ण हवामानातल्या लॉनचं त्याने नुकसान होतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी थंडी ओसरण्याचं बघू. हरळी (म्हणजे बर्म्युडा), झोयसिया ही उन्हाळी गवतं. माती गार असते तेव्हा ती झोपलेली असतात. तो पिवळेपणा भुकेचा नसतोच. झोपलेली मुळं नत्र जवळजवळ उचलत नाहीत. उचलतं ते थंडीत माजलेलं तण. माझ्या लॉनमध्ये एका वर्षी घाईने टाकलेल्या युरियावर तणच पोसलं गेलं. तेव्हापासून मी आधी खुरप्याने बोटभर तुकडा उचलून बघते. जमिनीलगतच्या आडव्या काडीच्या पेरांवर हिरवे कोंब नाहीत, मुळांची टोकं तपकिरी आहेत, तर खताचं पोतं उघडायचं नाही. 10 सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान 18 अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागलं, लॉन पूर्ण हिरवं झालं आणि दोनदा कापून झालं, की पहिला डोस. नुसतं कॅलेंडर बघून हे ठरत नाही.

पावसाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. युरिया पृष्ठभागावर कोरडा पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, त्यामुळे पाणी हवंच. पण ते 6 मिलिमीटरच्या आसपास पुरतं. धो-धो पावसात विरघळलेला युरिया थेट गटारात जातो, पुढे ओढ्यात.

थंडीच्या तोंडावरचा भरघोस डोस तर देऊच नका. गवताने विश्रांतीची तयारी करायची, तेव्हा हा डोस त्याला कोवळी पालवी फोडायला लावतो. ती पालवी गारठ्याने करपते, बुरशीचे गोल चट्टेही वाढतात. पहिल्या हिमतुषाराच्या निदान सहा आठवडे आधी नत्र बंद करा. हिमतुषार पडतच नसेल तर कापणीचं अंतर वाढू लागलं की थांबा.

राहिला "भरघोस". युरियात 46 टक्के नत्र असतं. एका वेळी चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया पुरे. भर उन्हाळ्यात नवी पानंच पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही.