फेविक्विक आणि खायच्या सोड्याने टायर जोडणाऱ्यांसाठी

‘टायरवाले लुटतात, हे वाचा आणि पैसे वाचवा’ असा एक मेसेज आमच्या कुडाळ-कणकवलीकडच्या ग्रुपांवर फिरतोय, सोबत व्हिडिओ. मी असलं काही उघडत नाही. पण काल तात्यांचा फोन आला, चिऱ्याच्या गडग्याला घासून वॅगनारचा पुढचा टायर बाजूने फाटला होता तो मेसेज वाचून घरीच जोडला, आता आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडाघाटातून कोल्हापूरला निघतो म्हणाले. वर मलाच, “चार हजार वाचले ना रे मेल्या!” मग वाचावाच लागला.

तर मेसेज म्हणतो, साइडवॉल फाटली तर फटीत फेविक्विक ओता, वर खायचा सोडा टाका, दगडासारखं घट्ट होतं, शेवटी रबर ते रबरच. अहो, दगडासारखं होतं हीच तर बोंब आहे! साइडवॉल हा टायरचा वाकणारा भाग, रस्त्याला टेकली की दबते, सुटली की परत ताठ, आणि एवढ्या गाडीचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे मारतं, म्हणजे कोल्हापूर यायच्या आधी किती वेळा वाकणार ते तुम्हीच मोजा. तो सोडा तडकणारच. आणि रबर ते रबर कसलं, आत दोऱ्यांचा थर असतो, कारच्या रेडियल टायरात बहुतेक पॉलिस्टरचा, हवेचा ताण तोच धरतो. रस्त्याला लागतो त्या भागाखाली तारेचे पट्टे तरी असतात, साइडला तेही नाहीत. दोरे तुटले की आतून पॅच मारून हवा राहील, ताकद येत नाही. मग फुगा येतो आणि तो फुटतो तेव्हा एकदम फुटतो, घाटाच्या वळणावर पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

व्हिडिओत साइडवॉल जोडताना दाखवलीय ते खोटं नाही, हे मान्य करतो. पण तो डंपरचा टायर आहे. चिरेखाणीवरच्या गाड्यांना गेटर (टायरच्या आतून लावायचा जाड तुकडा) टाकून, भट्टीत शेकवून असले टायर चालवतात, ते काम वेगळं.

अमेरिकेतल्या टायर कंपन्यांची संघटना आहे, यूएसटीएमए, धंदा त्यांचा टायर विकायचा हे धरूनसुद्धा त्यांचा नियम सरळ आहे: दुरुस्ती फक्त मधल्या ट्रेडला, म्हणजे रस्त्याला लागतो त्या भागाला, भोक ६ मिलिमीटरपर्यंत, साइडवॉलला नाही म्हणजे नाही. टायर रिमवरून उतरवून आतून बघायचा, भोक भरायचं आणि आतून पॅचही लावायचा. नुसती बाहेरून भोकात खुपसलेली पट्टी चालत नाही.

मेसेज नेमकं उलट सांगतो, मशरूम पंक्चर (छत्रीसारखा तुकडा आतून बसवून भोक भरायचं आणि पॅचही लावायचा) म्हणजे लूट, बाहेरून पट्टी मारा, टायर संपेपर्यंत टेन्शन नाही. आता यात थोडं खरं आहे, मधोमध एक खिळा घुसला तरी ‘टायर गेला, नवीन घ्या’ म्हणणारे महाभाग मीही बघितलेत, आणि पट्टीवर महिनोन्महिने गाड्या चालतात. पण हवा नसताना गाडी दामटली असेल तर टायर आतून घासून भुगा झालेला असतो, तो बाहेरून कसा दिसणार? शिवाय आपल्याकडचा पाऊस. भोक नीट भरलं नाही की पाणी आत जाऊन तारा गंजतात.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, म्हणे फुटणार नाही. साफ चूक. हवा कमी म्हणजे साइडवॉल जास्त वाकणार, जास्त तापणार, त्यानेच टायर फुटतात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, टायर थंड असताना तेवढी भरायची, लोड असेल तर लोडचा आकडा बघायचा. नायट्रोजन भरला की पंक्चरच होत नाही, यावर काय बोलायचं, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे.

शेवटचा मुद्दा, ‘सरकारनेच २०२० ला स्टेपनी रद्द केली’. रद्द नाही केली बाबांनो, ज्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टिम आणि रिपेअर किट आहे तिला सूट दिली. तात्यांच्या वॅगनारमध्ये ती सिस्टिम नाही, किटही नाही, आणि पेट्या मावाव्यात म्हणून स्टेपनी पडवीत काढून ठेवलेली. तीच आधी फाटक्या टायरच्या जागी लावा आणि नवा टायर घेतल्याशिवाय घाट चढू नका असं सांगितलंय, फक्त लावण्याआधी तिची हवा बघा म्हटलं, स्टेपनीची हवा कोणी वर्षानुवर्षं बघत नाही.