‘ब्रेड’मध्ये काळ मागे फिरतो म्हणून कोडी सोपी होत नाहीत

गेले काही दिवस एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. ‘ब्रेड’ (पाव नव्हे, वेणी या अर्थाचा इंग्रजी शब्द) हा २००८ सालचा गाजलेला कोड्यांचा गेम म्हणजे समीक्षकांनी फुगवलेला फुगा होता, असा त्याचा एकूण सूर आहे. गेम पाऊण तासात संपतो आणि तरी त्याचे १५ डॉलर घेतले. तो मारिओची नक्कल असून काळ मागे फिरवण्याची युक्तीही उसनी आहे. मरणच नसल्याने त्यात आव्हान नाही, तेव्हा उत्तरांचा व्हिडिओ पाहिला तरी पुरे. समीक्षकांना गेम कळलाच नाही, हे खुद्द निर्मात्यानेच कबूल केले. आणि कथेच्या नावाखाली शेवटी अणुबॉम्ब माथी मारला, असे त्यातले मुद्दे आहेत. मी तो मजकूर वाचून सोडून दिला असता. परंतु तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्यातला सल्ला मानून त्याने सगळ्या कोड्यांची उत्तरे एका बैठकीत व्हिडिओवर पाहून टाकली. “मामा, तू एवढं कौतुक करत होतास, पण यात काहीच नाहीये,” असे तो मला म्हणाला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला जमले नाही.

पाऊण तासाचा आकडा कुठून आला, हे गेम पूर्ण केलेल्या कोणालाही चटकन कळेल. गेम एकदा संपवला की त्यात स्पीडरनचा, म्हणजे घड्याळ लावून तो शक्य तितक्या लवकर संपवण्याचा, पर्याय खुला होतो आणि ती धाव ४५ मिनिटांच्या आत पुरी करण्याचे आव्हान खेळाडूपुढे ठेवलेले असते. म्हणजे हा आकडा उत्तरे मुखोद्गत झालेल्या माणसाचा आहे. शब्दकोड्याची उत्तरे पुढ्यात ठेवून चौकोन भरायला किती मिनिटे लागली, यावरून त्याची काठिण्यपातळी ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे. किमतीबद्दलची तक्रार मात्र अगदीच निराधार नव्हती, हे मान्य करावे लागेल. एक्सबॉक्स लाइव्ह आर्केडवर, म्हणजे हा गेम जिथे विकला गेला त्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानात, ८०० पॉइंटांची, म्हणजे १० डॉलरची सवय झालेल्या ग्राहकांना १२०० पॉइंट जड वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. परंतु गेमचे निर्माते जोनाथन ब्लो यांनी तीन वर्षांहून अधिक काळ खपून, स्वतःचे सुमारे २ लाख डॉलर घालून बनवलेल्या गेमच्या किमतीला लूट म्हणणे, हे ग्राहकाच्या कुरकुरीच्या फार पलीकडचे आहे.

आता खरा मुद्दा घेतो, कारण भाच्याचे नुकसान त्यानेच केले. मजकूर म्हणतो की एक बटण दाबून ठेवले की काळ मागे जातो, मेलेला नायक जिवंत होतो, मग खेळायचे काय उरले? गेम वेगवेगळ्या ‘जगां’त, म्हणजे भागांत, विभागलेला आहे आणि हे लिहिणारा दुसऱ्या जगाच्या पुढे गेलेला दिसत नाही. (गेमची सुरुवातच दुसऱ्या जगापासून होते आणि पहिले जग शेवटी येते. एवढ्यानेही त्याला काही शंका यायला हवी होती.) त्या जगात काळ मागे नेणे ही खरोखरच केवळ सोय आहे. परंतु तिसऱ्या जगात हिरवी झळाळी असलेल्या वस्तू दिसू लागतात आणि या वस्तूंवर काळ मागे फिरवण्याचा परिणाम होत नाही. खोल खड्ड्यात तशी एक किल्ली पडलेली असते. खाली उडी मारता येते, पण वर यायला वाट नसते. खेळाडू बराच वेळ काठावर उभा राहून शिडी शोधतो, एखादा शत्रू पायाखाली घेऊन उसळी मिळेल का ते पाहतो, आणि मग केव्हातरी त्याच्या ध्यानात येते की खाली उडी मारावी, किल्ली उचलावी आणि काळ मागे न्यावा. आपण पुन्हा काठावर येतो आणि किल्ली हातातच राहते. जी गोष्ट आतापर्यंत चूक पुसण्याचे साधन होती, ती इथे बाहेर पडण्याची वाट झाली.

चौथ्या जगात तर बटणाचा प्रश्नच मागे पडतो. तुम्ही उजवीकडे चाललात की काळ पुढे जातो, डावीकडे वळलात की मागे येतो, आणि थांबलात की सारे जग थांबते. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला संपवावे आणि डावीकडे दोन पावले टाकावीत, तर तो पुन्हा जागेवर हजर. पाचव्या जगात तुम्ही काळ मागे नेऊन जी कृती रद्द करता, तीच कृती तुमची सावली पुन्हा करून दाखवते. मग एक खटका सावलीने ओढायचा आणि त्याच वेळी दार तुम्ही ओलांडायचे, अशी स्वतःशीच भागीदारी करावी लागते. मरण नाही हे खरे. पण बुद्धिबळातही कोणी मरत नाही. या गेममधली अडचण बोटांच्या चपळाईत ठेवलेलीच नाही, नियम काय आहे आणि त्यातून काय काय निघू शकते, हे ओळखण्यात ती आहे. म्हणून इथे उत्तर पाहणे म्हणजे गेम पाहणे नव्हे, गेम संपवून टाकणे आहे. खुद्द ब्लो यांनी या गेमचा अधिकृत वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवावा याची मार्गदर्शिका, प्रसिद्ध केला होता. तो उघडणाऱ्याला उत्तरांची यादी मिळत नाही. उलट, सर्व कोडी रास्त आहेत, अंदाजाने चाचपडण्याची गरज नाही, अडलात तर पुढे जा आणि नंतर परत या, पण स्वतः सोडवा, असे बजावले जाते. ते पान दोन मिनिटांत वाचून होते. व्हिडिओ पाहण्याचा सल्ला देणाऱ्याने तेवढी तसदीही घेतलेली नाही.

मारिओच्या नकलेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘ब्रेड’चा नायक टिम एका राजकन्येच्या शोधात असतो, आणि मारिओतल्याप्रमाणेच राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे असे सांगणारा प्राणी जगांच्या शेवटी उभा असतो, तो लपवण्यासाठी नव्हे, ओळखला जावा म्हणून. काळ मागे नेण्याची सोय २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’मध्ये होती हेही खरे; तिथे ती मोजून मिळायची आणि चुकलेली उडी सावरायला वापरायची. ‘ब्रेड’ने ती अमर्याद दिली आणि तिच्यावरच कोडी रचली. नमुन्याच्या अवस्थेत असतानाच, २००६ साली, या गेमला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये रचनेतील नावीन्याचा पुरस्कार मिळाला होता.

समीक्षकांबाबतचा मुद्दा अर्ध्या सत्यावर उभा आहे. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर एक्सबॉक्स आवृत्तीची सरासरी शंभरपैकी ९३ आहे, आणि ‘इंडी गेम: द मूव्ही’ या २०१२ च्या माहितीपटात ब्लो यांनी आपली निराशा बोलून दाखवली, हेही खरे. पण ती निराशा स्तुती खोटी होती अशी नव्हती. स्तुती झाली, मात्र त्यांना जे सर्वांत मोलाचे वाटत होते ते स्तुती करणाऱ्यांच्या नजरेतून निसटले, अशी होती. ब्लो हे खूश करायला सोपे गृहस्थ नव्हेत, एवढाच निष्कर्ष त्यातून फार तर निघेल. २०२४ ची नवी आवृत्ती फारशी खपली नाही, असे मजकुराच्या शेवटी विजयी थाटात जोडले आहे. त्याच्या सोळा वर्षे आधी ज्यांनी गेम सोडवला, त्यांच्यातल्या अनेकांनी तो पुन्हा विकत घेतला नाही, यावरून तेव्हा तो त्यांना आवडला नव्हता हे कसे ठरते?

कथेबद्दल मी थोडी माघार घेतो. जगांच्या दाराशी ठेवलेल्या पुस्तकांतले गद्य जड आहे, जागोजागी ओढून ताणून गंभीर केलेले आहे, आणि हे अनेकांनी तेव्हाच म्हटले होते. समारोपात १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीनंतरचे, त्या चाचणीचे संचालक असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ केनेथ बेनब्रिज यांचे उद्गार येतात, त्यामुळे बॉम्बचा संदर्भ कपोलकल्पित नाही. परंतु तो एकच अर्थ मानून बसलेल्यांना शेवटची लेव्हल दिसलेलीच नसते. (गेम न खेळलेल्यांनी या परिच्छेदाचा उरलेला भाग वगळावा.) राजकन्या वरच्या मजल्यावरून धावते, टिम खालून, दोघे एकमेकांना वाट करून देत आगीच्या भिंतीपासून पळत आहेत असे वाटते. मग तेच सारे उलट्या क्रमाने घडते, आणि कळते की ती टिमपासूनच पळत होती. एकही प्रसंग न बदलता अर्थ पालटतो, आणि तो पालटवणारी गोष्ट तीच असते, जिला हा मजकूर बिनकामाची सोय म्हणतो.

भाच्याला मी हे सगळे ऐकवले. त्याने निम्मे ऐकले. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली नाही. गेममध्ये आठ तारे दडवलेले आहेत, आणि पाऊण तासात संपणाऱ्या या गेममध्ये त्यांतल्या एका ताऱ्यासाठी एका मंद सरकणाऱ्या ढगाच्या भरवशावर सुमारे दोन तास काढावे लागतात. त्याने पाहिलेल्या व्हिडिओत ते तारे नव्हते.