बोट कसं तुटतं

शनिवारी रात्री ठाण्याच्या तलावपाळीवर जे झालं त्याला भांडण म्हणायचं की चर्चा ते मला अजून कळलेलं नाही, पण साडेनऊला बसलो ते पावणेबाराला वॉचमन शिट्टी मारत आला तेव्हाच उठलो, आणि मधल्या वेळात कटिंग पाच-सहा वेळा झाली आणि शेंगदाणे किती पुड्या ते मोजले नाहीत. सुरुवात माझ्यामुळेच झाली. मी एक कथा लिहिली होती.

दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून जूनपासून लिहितोय खोडतोय, आता एकदा कुणालातरी ऐकवावी म्हणून कट्ट्यावर मोबाईल काढून वाचली. कथा ऐकवायचीच तर आईला ऐकवावी, ती निदान रडते तरी. आमच्या कट्ट्यावर कोण, तर मास्तर, म्हणजे रिटायर्ड मराठीचे शिक्षक, ज्यांचं मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व माझ्या वयापेक्षा जुनं आहे (ती लायब्ररी १८९३ची, ते स्वतः पण तेव्हाचेच असल्यासारखं बोलतात). विकी ऐरोलीला आयटीत. मनी आयसीयूत नर्स, ड्युटी संपवून डबा हातात घेऊनच येते. आणि सुन्या, आता रिक्षा चालवतो, पण आधी अकरा वर्षं वागळे इस्टेटमध्ये वेगवेगळ्या प्रेस शॉपमध्ये होता.

गोष्ट साधी आहे. वागळेतला एक कामगार, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, काम करतो, एका दुपारी त्याच्या डाव्या हाताचं बोट जातं, किंकाळीने अख्खा कारखाना दणाणतो, सगळे धावत येतात, आणि पुढे त्याच्या छोट्या मुलाच्या नजरेतून घरातलं सगळं. तो कामगार म्हणजे माझे बाबा आणि तो मुलगा मी, हे कट्ट्यावर सगळ्यांना माहितीये. मी किसननगरला वाढलो, बाबांच्या तर्जनीची वरची दोन पेरं नाहीत, मी सहा वर्षांचा होतो तेव्हा गेली. म्हणजे यावर लिहायचा हक्क माझ्याइतका कुणाला असणार असं मला वाटत होतं.

वाचून झालं. मास्तर म्हणाले, छान, अनुभवाचा कस आहे. मनी काही बोलली नाही. सुन्या शेंगदाण्याची सालं फुंकत होता, तो म्हणाला, "बोट असं तुटत नाय."

मी म्हटलं म्हणजे?

"म्हणजे असं नाय तुटत. नंतर सांगतो, आधी यांना बोलू दे."

आणि मग मास्तरांनी ते त्यांचं नेहमीचं काढलं, जगल्याशिवाय लिहू नये. अण्णाभाऊ साठे, शाळा दीड दिवस, वाटेगावहून चालत मुंबईला, गिरणीत काम, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं, म्हणून त्या लिखाणात रक्त आहे, आणि आजकालची पोरं एसीत बसून शेतकऱ्यावर लिहितात वगैरे वगैरे. विकीला हे चालत नाही. तो म्हणाला मास्तर, तुमचे अण्णाभाऊ ठीक, पण 'फकिरा' घ्या, तो काळ काय अण्णाभाऊंनी जगला होता का, तो त्यांच्या आधीचा, घरात गावात ऐकलेला. आणि विश्वास पाटील १७६१ला पानिपतावर भाला घेऊन उभे होते का? कागदपत्रं वाचली, अभ्यास केला, लिहिली कादंबरी १९८८ला, आणि अजून लोक ती वाचून संक्रांतीला हळवे होतात. नारळीकर ब्लॅक होलमध्ये जाऊन आले होते?

यावर मास्तर भडकले. म्हणाले नारळीकरांचं आख्खं आयुष्यच ते गणित होतं, त्यांनी जगलेलंच लिहिलं की. आणि मग विषय सोडून तो किस्सा सांगितला की १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा खोट्या नावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून, आपलं नाव बघून परीक्षकांनी मार्क देऊ नयेत म्हणून, आणि पहिला नंबर आला. आमच्यातल्या निम्म्यांना हा किस्सा पाठ आहे, तरी मास्तर सांगताना कुणी अडवत नाही.

"आणि तुमच्या त्या पाटलांनीच," मास्तर परत रुळावर आले, "धरणग्रस्तांवर 'झाडाझडती' लिहिली, तेव्हा ते स्वतः सरकारी अधिकारी, पुनर्वसनाचं काम बघितलेलं, ती माणसं समोर बसलेली त्यांच्या. त्याला साहित्य अकादमी मिळालं १९९२ला. पानिपतला का नाही मिळालं?"

हे मला जरा चीटिंग वाटलं, अवॉर्ड मिळालं म्हणजे मुद्दा सिद्ध असं कुठे असतं. पण विकी एक क्षण गप्प बसला, तेवढ्यात मनी बोलली. आणि खरं सांगायचं तर चर्चेत जीव तिथून आला.

"तुम्ही लोक हॉस्पिटलचे सीन लिहिता ना," ती म्हणाली, "त्यात मॉनिटरवर लाईन सपाट होते, टीऽऽऽ असा आवाज, आणि डॉक्टर चष्मा काढतात. लाईन सपाट झाली की आम्ही आधी काय बघतो माहितीये? स्टिकर सुटलाय का. बहुतेक वेळा पेशंटने कूस बदललेली असते नाहीतर घामाने इलेक्ट्रोड निघालेला असतो. पेशंट आमच्याकडे बघून विचारतो, सिस्टर काय झालं. पण बाहेर काचेतून नातेवाईक बघत असतात, ते टीव्ही बघून आलेले, त्यांच्या पायातला जीव गेलेला असतो तोपर्यंत."

"आणि खरंच गेला तर?" विकीने विचारलं.

"तर अलार्म बंद करायचा आधी. बाजूच्या बेडवाल्याला कळू नये म्हणून पडदा ओढायचा. आणि बाहेर सांगितलं ना, की थोडा वेळ रडारड होते, आणि मग घरातला कुणीतरी एकजण येऊन हळू आवाजात विचारतो, सिस्टर, चार्जर आहे का. कारण गावाला फोन करायचे असतात आणि दोन रात्री बाहेर बाकड्यावर काढून फोन डेड झालेला असतो. मी आता बॅगेतच ठेवते एक."

कट्टा शांत. समोर तलावात ती बोट दिवे लावून फिरत होती, त्यातून कुठलंतरी जुनं गाणं येत होतं. विकी म्हणाला, हे एआयला विचारून मिळालं नसतं. मनी म्हणाली, मला विचारून मिळालं ना, मग आयसीयूत ॲडमिट व्हायची काय गरज, विचारा की लोकांना. तुम्ही विचारतच नाही, तुम्ही सांगत बसता.

हे वाक्य मला लागलं, पण तेव्हा दाखवलं नाही.

मास्तरांनी मग जरा माघार घेतली, म्हणजे ते माघार घेतात तशी, आपलंच म्हणणं पुढे नेतोय असं दाखवत. म्हणाले श्री. ना. पेंडसे बघा, जन्म दापोलीजवळ मुर्डीचा, पण लहानपणीच मुंबईला आले आणि नोकरी बेस्टमध्ये. म्हणजे रोज बघायचं ट्राम आणि बसेस आणि लिहायचं 'गारंबीचा बापू'. कोकण सुटलं म्हणून कोकण लिहिलं. त्यावर मी म्हटलं, आणि जी. ए. कुलकर्णी? धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, माणसांत मिसळायचे नाहीत, बाहेरून बघितलं तर आयुष्यात काही घडलेलं दिसत नाही, आणि कथा उघडली की कुठल्या वाळवंटात कुठल्या संन्याशाबरोबर चालतोय तेच कळत नाही. तो कसला अनुभव? मास्तर म्हणाले, घडायला पाहिजेच असं कुठे म्हटलं मी. अरे मग दीड तास काय म्हणत होता!

विकीने इथे गोनीदांचं, म्हणजे गो. नी. दांडेकरांचं, काढलं आणि ते मला पटलं, कारण ते आम्ही सगळ्यांनी पायाने बघितलंय. 'जैत रे जैत' मधला तो लिंगोबाचा सुळका म्हणजे आपला कर्णाळा, पनवेलच्या पुढे, गोवा हायवेने जाताना अंगठ्यासारखा दिसतो तो. आम्ही चार वर्षांपूर्वी गेलो होतो, वर पोचल्यावर सुळक्याला मधमाश्यांची काळी काळी पोळी लटकलेली दिसली, आणि सुन्याने खिशातून सिगरेट काढली तर बाजूचा एक ठाकर पोऱ्या एवढ्या जोरात ओरडला की सुन्याच्या हातातून पाकीटच पडलं. धुराने माश्या उठतात. गोनीदा तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडून निघालेला माणूस, गड पायाखाली घातलेले, नर्मदा परिक्रमा केलेली, पण ते ठाकर नव्हते ना, मधमाशीवर सूड घेणारा भगत पण नव्हते. माणसांत बसले, भाषा ऐकली. याला तुम्ही जगणं म्हणणार की रिसर्च? विकी म्हणाला रिसर्च, मास्तर म्हणाले जगणं, आणि दोघंही एकमेकांकडे आपण जिंकल्यासारखे बघत बसले.

मला तेव्हा 'बलुतं' आठवलं, आणि मी म्हटलं पण स्वतःचंच आयुष्य लिहायचं असेल तर तिथे तरी रिसर्च नको ना. मास्तर हसले. म्हणाले, वाचलंस का नीट? दया पवारांनी १९७८ला ते पुस्तक काढलं, त्यात सुरुवातीला दया पवार नावाचा माणूस दगडू मारुती पवार नावाच्या माणसाला भेटतो आणि मग दगडू सांगतो. दोघं एकच. शिकलेला, लिहिणारा, शहरात स्थिरावलेला दया पवार समोर बसून त्या दगडूचं ऐकून घेतोय. स्वतःची गोष्ट सांगायला त्याला स्वतःलाच समोर बसवावं लागलं, परक्या माणसासारखं. तू बसवलंस का कुणाला समोर?

तेव्हा सुन्याने शेंगदाण्याची पुडी चुरगळून खिशात टाकली आणि म्हणाला, आता सांगू?

"तुझ्या कथेत किंकाळीने कारखाना दणाणतो. पंधरा प्रेस चालू असतात भावा. किंकाळी बाजूच्याला पण ऐकू येत नाय. आम्हाला कळायचं कसं, तर आवाज थांबला म्हणून. ठक-ठक-ठक चालू असतं ना, प्रत्येक मशीनची एक लय असते, ती डोक्यात बसलेली असते, आणि अचानक एक ठक कमी होतो. मग मान वर करून बघायचं कोण थांबलाय. तो माणूस ओरडत पण नसतो बऱ्याचदा, हात धरून नुसता उभा असतो, डायकडे, म्हणजे खालच्या साच्याकडे बघत."

मी काही बोललो नाही.

"दुसरं. मशीन खराब होतं असं लिहिलंयस. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तेव्हाच रॅम, तो वरचा ठोकळा, खाली येतो. दोन्ही हात बटणावर, तर बोट आत जाईल कसं? सेफ्टीच ती. पण मग जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, लावायला, काढायला हात रिकामा नाय. वेळ जातो. आणि पैसे नगावर. मग लोक काय करायचे, एक बटण दाबून दोरा बांधून टाकायचे कायमचं. एका हाताने दुसरं बटण, दुसऱ्या हाताने जॉब सरकवायचा. हजारच्या जागी पंधराशे नग निघायचे. सुपरवायझरला दिसायचं, पण नग त्याला पण पाहिजे असायचे. तुझ्या बाबांचा डावा हात ना? मग उजवं बटण चालू होतं आणि डावं बांधलेलं होतं. मशीन चांगलंच असणार रे."

मनीने त्याला कोपराने ढोसलं, पण सुन्या काही लावून बोलत नव्हता, तो रिक्षाचं ॲव्हरेज सांगावं तसं सांगत होता. मला मात्र कानशिलं गरम झाल्यासारखं झालं. माझ्या कथेचा सगळा डोलारा त्या खराब मशीनवर उभा होता, म्हणजे मालक दुष्ट, मशीन खराब, कामगार बिचारा, आणि मुलगा ते सगळं डोळ्यात साठवतो. आणि मी साठवलं काय होतं खरं तर? मी सहा वर्षांचा. मला आठवतं ते पांढरं बँडेज, आयोडिनचा वास, आणि आईने त्या दिवशी चुलत्यांसाठी केलेला शिरा, तो का केला ते अजून माहीत नाही. बाकी सगळं घरात वर्षानुवर्षं बोललं गेलेलं. मशीन खराब होतं हे बाबांनी साहेबांना सांगितलेलं, आईला सांगितलेलं, आणि मग आम्हाला. मी ते जगलेलो नव्हतोच, मी ते ऐकलेलं होतं, आणि ऐकलेलं कधी उलटून विचारलं पण नव्हतं. फकिराची गोष्ट ऐकणारा निदान कान देऊन ऐकत होता.

वॉचमनने दुसरी शिट्टी मारली. मास्तरांनी उठताना खांद्यावर हात ठेवला, अंक कुठला म्हणालास, असं काहीतरी विचारलं. विकी मला बाईकवर सोडतो म्हणाला, मी म्हटलं चालत जातो.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. आता ते त्या हाताने पेपरची घडी अशी घालतात की बोट नाही हे कुणाला कळणार पण नाही. मी चहा ठेवला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, आणि मग म्हटलं, बाबा, ते प्रेसचं एक बटण तुम्ही दोऱ्याने बांधलं होतं का.

त्यांनी पेपर खाली केला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल. पान उलटलं, आतलं पान थोडं वाचलं असेल, आणि मग म्हणाले,

"दोरा नाही रे. दोरा तेलाने ढिला होतो. सायकलची ट्यूब कापून लावायचो."