सारखं दिसणं आणि नातं असणं

जीवसृष्टी आणि विश्व यांच्या नात्यावरचं फोटोप्रदर्शन म्हटलं की भिंतीवर काय असणार हे आता आधीच सांगता येतं. बुबुळाशेजारी तेजोमेघ, पानाच्या शिरांशेजारी नदीचा त्रिभुज प्रदेश, मेंदूच्या पेशींशेजारी दीर्घिकांचं जाळं. परवा पुण्यात असंच एक पाहिलं. फोटो देखणे, छपाई उत्तम, तरी मन भरलं नाही. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांची सोयरीक होत नाही, आणि जिथे खरंच नातं आहे तिथे ते वरवर बघून कळत नाही.

मला राहून राहून ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाओ साल्गादो आठवत होते. त्यांच्या ‘जेनेसिस’ या प्रदर्शनात (लंडन, २०१३) पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरच्या समुद्री इग्वानाच्या (मोठ्या सरड्याच्या) पुढच्या पंजाचा कृष्णधवल फोटो आहे. नुसता पंजा. पाच बोटं, लांब नख्या, आणि मनगटापर्यंत चढत गेलेले चकचकीत बारीक खवले, अगदी चिलखताच्या हातमोज्यासारखे. साल्गादोंनाही आधी मध्ययुगीन सरदाराचा हातच दिसला होता. पण तेवढ्यावर न थांबता हा प्राणी आपला भाऊबंद आहे, इथपर्यंत ते गेले. आणि ते खरंच आहे हो! त्याच्या पंजातली आणि आपल्या हातातली हाडांची ठेवण एकाच पूर्वजाकडून आलेली आहे.

नातं आणखी पुढे जातं. हे इग्वाना समुद्रातल्या शेवाळावर जगतात. एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं त्या वर्षी तिथलं पाणी तापतं, शेवाळ मरतं, इग्वाना उपाशी पडतात, इतके की लांबीनेही आखडतात. शास्त्रज्ञांनी ते मोजलंय. त्याच एल निनोने अनेकदा आपला मान्सूनही लंगडा पडतो. म्हणजे तिकडे खडकावर इग्वाना भुकेला आणि इकडे मराठवाड्यात दुबार पेरणी, कारण एकच. असे दोन फोटो शेजारी लावा की! दिसायला काडीचं साम्य नसेल, पण माणूस त्यांच्यासमोर खिळून उभा राहील.

ताऱ्यांचंही तेच. आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांत तयार झालं. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात हे सविस्तर मांडणारा शोधनिबंध १९५७ साली आला. त्याच्या चार लेखकांपैकी एक ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकर २०२५ च्या २० मे रोजी गेले, साल्गादो २३ मेला. एकाच आठवड्यात ही दोन्ही माणसं गेली, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

नव्या फोटोग्राफर मुलामुलींना म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं. फोटोखाली ‘सारं एकच आहे’ असं लिहू नका. कुठून कुठे काय पोचतं ते लिहा, चार ओळी जास्त झाल्या तरी चालतील. कुणी असं प्रदर्शन मराठीत उभं करणार असेल तर त्या ओळी लिहायला मी आनंदाने येईन. मला मेसेज करा.