‘सांत क्वोशंट पाहिले की अनंत ग्रुप कळला’ हे खरं नाही

एम.एस्सी.च्या मुलांच्या नोट्समधून एक वाक्य हातोहात फिरतं. जनरेटर (ज्यांच्या आणि ज्यांच्या व्यस्तांच्या गुणाकारांतून सगळा ग्रुप उभा राहतो ते घटक) आणि रिलेशन (त्यांच्यातली समीकरणं) मोजकी असली की अनंत ग्रुप रेसिड्युअली फायनाइट असतोच, म्हणजे जवळजवळ सांतच, आणि त्याचे सांत क्वोशंट (ग्रुपच्या सांत प्रतिमा) पाहिले की तो पुरता कळतो. या वाक्यात तीन दावे आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. चांगली मुलं यावर विसंबून पुढची सिद्धता रचतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘जवळजवळ सांत’चं आधी उरकतो. रेसिड्युअली फायनाइटची व्याख्या एवढंच मागते: अविकारक सोडून कुठलाही घटक उचला, त्याला अविकारकावर न पाठवणारा, सांत ग्रुपात जाणारा एखादा होमोमॉर्फिझम (गुणाकार जपणारं फलन) मिळाला पाहिजे. घटक बदलला की सांत ग्रुपही बदलू शकतो. पूर्णांकांमध्ये 12 हा मॉड्युलो 2, 3, 4, 6 शून्य होतो, मॉड्युलो 5 मात्र 2 उरतो, तेवढं पुरे. दोन जनरेटरचा फ्री ग्रुपही (ज्यात रिलेशन एकही नाही) रेसिड्युअली फायनाइट आहे, आणि त्याला जवळजवळ सांत कोणी म्हणणार नाही.

खरी गोची ‘असतोच’ या शब्दात आहे. बॉमस्लाग आणि सॉलिटर यांनी 1962 मध्ये दिलेला ग्रुप घ्या: जनरेटर दोन, क आणि ट; रिलेशन एकच, ट⁻¹क²ट = क³. याहून मोजकं काय असणार?

आता याचा कुठलाही सांत क्वोशंट घ्या आणि तिथे क ची ऑर्डर (ज्या सर्वांत लहान घाताला क अविकारक होतो तो) न धरा. क² आणि क³ कॉन्ज्युगेट आहेत (एकाला ट⁻¹ आणि ट यांच्यामध्ये ठेवलं की दुसरा मिळतो), म्हणून त्यांची ऑर्डर सारखी. म्हणजे न व 2 यांचा मसावि आणि न व 3 यांचा मसावि सारखेच. एक 2 चा विभाजक, दुसरा 3 चा, त्यामुळे दोन्ही 1. न विषम निघाला, म्हणून क हा क² चाच कुठला तरी घात आहे. मग ट⁻¹कट हा ट⁻¹क²ट चा, म्हणजे क³ चा घात झाला. साहजिकच तो आणि क यांचा क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो. असं प्रत्येक सांत क्वोशंटमध्ये घडतं. मूळ ग्रुपात मात्र घडत नाही. ब्रिटनच्या लेमावरून (अशा ग्रुपात कुठला गुणाकार अविकारक नाही हे सांगणाऱ्या प्रमेयावरून) ते लगेच दिसतं. म्हणजे ट⁻¹कट आणि क यांचा कम्युटेटर (दोघांचा क्रम बदलून चालत असेल तरच अविकारक होणारा घटक) मूळ ग्रुपात अविकारक नाही, तरी एकाही सांत क्वोशंटला तो दिसत नाही. ही सिद्धता एकदा वहीत स्वतः लिहून काढा. मसाविपलीकडे तिला फारसं काही लागत नाही, म्हणून मला ती फार आवडते.

हिग्मनचा 1951 मधला ग्रुप तर आणखी पुढे जातो: चार जनरेटर, चार रिलेशन, ग्रुप अनंत, आणि क्षुल्लक क्वोशंट सोडला तर सांत क्वोशंट एकही नाही.

मग हा समज आला कुठून? वर्गात भेटणारे बहुतेक अनंत ग्रुप मॅट्रिसेसचे असतात. फील्डवरच्या मॅट्रिसेसचा, मोजक्या जनरेटरचा ग्रुप रेसिड्युअली फायनाइट असतो, हे मालत्सेवने 1940 मध्ये सिद्ध केलं. ते प्रमेय पक्कं आहे. फक्त ‘मॅट्रिसेस’ हा शब्द नोट्समधून गळाला.

उरला तिसरा दावा. समजा ग्रुप रेसिड्युअली फायनाइट आहे. तरीही सांत क्वोशंटवरून तो ओळखता येईलच असं नाही. बॉमस्लागने 1974 मध्ये दिलेली जोडी पाहा. दोन्हीकडे क²⁵ = 1; एकीकडे ट⁻¹कट = क⁶, दुसरीकडे ट⁻¹कट = क¹¹. दोन्ही ग्रुप रेसिड्युअली फायनाइट, दोन्हींचे सांत क्वोशंट तेच, तरी ते आयसोमॉर्फिक (रचनेने एकच) नाहीत: मॉड्युलो 25, 11 चा व्यस्त 16 आहे, म्हणजे 6 हा ना 11, ना त्याचा व्यस्त.

रेसिड्युअल फायनाइटनेसमधून खरोखर हाती लागतं ते वेगळंच. जनरेटर आणि रिलेशन मोजकी असतील तर वर्ड प्रॉब्लेम सुटतो, म्हणजे दिलेला शब्द (जनरेटर आणि त्यांच्या व्यस्तांचा गुणाकार) अविकारक आहे का हे ठरवता येतं. एका बाजूने रिलेशन वापरून शब्द अविकारकापर्यंत येतो का ते शोधत राहायचं, दुसऱ्या बाजूने एकेक सांत ग्रुप घेऊन तो शब्द कुठे टिकतो का ते पाहायचं. दोन्हीपैकी एक शोध कधी ना कधी थांबतोच.