लिव्हरचा आजार आणि कुत्र्याचं बंद केलेलं अंडं

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. कुत्र्याचं लिव्हर बिघडलं की अंडी, चिकन, पनीर बंद करा. नुसता मऊ भात आणि ताक द्या. दोन दिवस उपास घडला तर उत्तमच. मग ताकदीसाठी उकडलेली कलेजी द्या.

आधी प्रोटीन. हे आपल्याकडच्या काविळीच्या पथ्यावरून उचललेलं दिसतं. पूर्वी व्हेटही सरसकट प्रोटीन कमी करायला सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण दुखावलेलं लिव्हर भरून यायलाच प्रोटीन लागतं. ते कमी पडलं की अंगावरचे स्नायू झडतात, रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन उतरतं, पोटात पाणी साठायला वाट मिळते. शिवाय प्रोटीन पचताना अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो, एरवी तो लिव्हर आवरतं. लिव्हर थकलं की रक्तातला अमोनिया आवरण्याचं बरंच काम स्नायूंवर येतं. म्हणजे अमोनियाच्या भीतीने प्रोटीन तोडायचं आणि तो आवरणारे स्नायूच घालवून बसायचं!

हिशेब करून बघा. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला निदान २० ग्रॅम प्रोटीन हवं. ४०० ग्रॅम शिजलेल्या भातात कॅलरी ५००च्या आसपास, पोट टम्म, प्रोटीन मात्र जेमतेम १० ग्रॅम. ताकाने त्यात फार भर पडत नाही. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळालं असतं.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते एवढंच: काही कुत्र्यांत अमोनिया मेंदूवर चढतो. जेवणानंतर कुत्रा भिंतीला डोकं दाबून उभा राहतो, गोल गोल फिरतो, लाळ गाळतो, हाक मारली तरी भान नसतं. जन्मजात शंट (लिव्हरला वळसा घालून रक्त नेणारी चुकीची रक्तवाहिनी) असलेल्या यॉर्कशायर टेरियर, पगसारख्या पिल्लांत हे दिसतं. तिथे प्रोटीन खरंच कमी करतात, पण बंद नाही. मटण-मासळीऐवजी पनीर, अंडं, सोया देतात, जोडीला लॅक्ट्युलोज हे अमोनिया कमी करणारं औषध. लक्षणं आटोक्यात आली की व्हेट प्रोटीन हळूहळू वाढवून बघतात. म्हणजे ज्यांना पथ्य खरंच लागतं त्यांना सोसणारं पनीरच या मेसेजने बंद करून टाकलंय.

उपास तर नकोच. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातूनही अमोनियाच तयार होतो. दिवसातून चार-सहा वेळा थोडं थोडं द्या. कुत्रा तोंडच लावत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

राहिली कलेजी. जनावराच्या शरीरातलं तांबं साठतं लिव्हरमध्येच, त्यामुळे बकऱ्याच्या कलेजीत ते भरपूर असतं. काही कुत्र्यांचं लिव्हर मुळात बिघडतं तेच तांबं साचून. लॅब्राडोर आणि डोबरमन त्यात पुढे. आपल्याकडे घरोघरी लॅब्राडोर आहेत. तुमच्याकडेही असेल आणि बायोप्सी व्हायची असेल, तर त्यात तांबंही मोजायला सांगा. तोवर कलेजी, बाहेरून आणलेली असो की घरी उकडलेली, त्याच्या ताटात नको.